पळसाला पानं दोनच

आमच्या सरांना छप्पर सुचलं की ते कागदावर उतरायच्या आधी त्यांच्या हातात यायचं. ते खुर्चीवरून उठायचे, उजवा हात पुढे करायचे आणि तळवा खाली धरून हवेत एक लांब वळण घ्यायचे. "देखो, यहाँ से ऐसे उठेगा. फिर ऐसे झुकेगा. और यहाँ आकर छूट जाएगा." शेवटच्या शब्दाला ते बोटं अशी झटकायचे की समोरच्याला वाटावं, हातावर पाणी होतं. मग खाली बसायचे आणि मला म्हणायचे, "मॉडल बना दो."

रायपुरात आमचं ऑफिस गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका गादीवाल्याच्या दुकानावर होतं. खाली कापूस पिंजला की त्याचे तंतू जिन्यातून वर यायचे आणि माझ्या की-बोर्डात जाऊन बसायचे. दोन खोल्या होत्या, एक सरांची आणि एक आम्हा बाकीच्यांची. आम्ही बाकीचे म्हणजे बहुतेक वेळा मी एकटीच. आर्किटेक्चरची डिग्री घेऊन मी तिथे लागले तेव्हा मंत्रालय नुकतंच नव्या रायपूरला गेलं होतं आणि ज्याला त्याला तिकडे काहीतरी बांधायचं होतं. तिथले रस्ते एवढे रुंद आणि मधली जमीन एवढी मोकळी, की एखादी इमारत उभी राहिली तर ती फार लांबून दिसायची. त्यामुळे येणारा प्रत्येक जण एकच मागणी करायचा: दूर से दिखना चाहिए. पाहायला तिथे गाई होत्या आणि कधीतरी जाणारी एक बस. पण दिसायला हवं होतं.

एका शिक्षणसंस्थेचं सभागृह आमच्याकडे आलं. संस्थेच्या अध्यक्षांची इच्छा अशी होती, की छपराकडे पाहिल्यावर छत्तीसगढ आठवावं. सरांनी आठवडाभर विचार केला आणि एका सकाळी हात पुढे करून उभे राहिले. पळसाची तीन पानं वाऱ्यावर उडत आली आणि एकमेकांवर अलगद टेकली, असं ते छप्पर होतं. प्रत्येक पानाचं टोक वर उचललेलं, पोट थोडं खाली गेलेलं, आणि तिन्हींचे देठ मध्ये एकत्र.

ते वळण मला नीट समजेना, म्हणून मी सरांना म्हटलं की पुन्हा एकदा दाखवा, मी मोबाइलवर घेते. त्यांनी आनंदानं दाखवलं. मी व्हिडिओ समोर ठेवून पहिलं पान केलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, असं नव्हतं ते. मी पुन्हा हात मागितला, पुन्हा व्हिडिओ घेतला. दोन्ही शेजारी लावून पाहिले तर दोन्हीतले हात दोन वेगळ्या छपरांचे होते. सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोनों के बीच का कुछ करो."

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की सॉफ्टवेअर छप्पर करतं. तसं काही नाही. आधी पानाच्या दोन कडा आखायच्या, मधे आडव्या रेघा द्यायच्या, आणि त्याला सांगायचं की आता यांच्यावर चादर टाक. ते टाकतं. एक पान सुंदर व्हायचं, दुसरंही व्हायचं. तिसरं जोडायला गेलं की देठाजवळ चादर दुमडायची, किंवा तिथे बारीक फट राहायची. फट एवढी बारीक की डोळ्यांना दिसायची नाही, पण सॉफ्टवेअरला दिसायची आणि ते जोडायला नकार द्यायचं. महत्प्रयासानं जोडलं, तर पुढची पायरी जाडी द्यायची. तोवर माझ्या छपराला जाडीच नव्हती. नुसती कल्पना होती ती, आणि म्हणूनच एवढी देखणी दिसत होती. जाडी दे म्हटलं की वळणाच्या आतल्या बाजूला ते स्वतःमध्येच घुसायचं आणि काम बंद पडायचं. मी सेव्ह करायची, चहा प्यायची आणि पुन्हा सुरू करायची.

आमच्या घरी या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की पोट्टी दिवसभर कॉम्प्युटरवर पानं काढून राहिली. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि आईचं सगळं लक्ष माझ्या लग्नाकडे लागलेलं होतं. त्या दिवसांत एक स्थळ आलं. मुलगा भिलाईला स्टील प्लांटमध्ये, घर दुर्गचं, मूळ माणसं आमच्यासारखीच भंडाऱ्याकडची. रविवारी पाहायला येणार होते. मंगळवारी अध्यक्षांसमोर छप्पर दाखवायचं होतं.

म्हणून त्या रविवारी ऑफिसचा लॅपटॉप मी घरी आणला होता आणि त्यावर छपराचं मोठं चित्र तयार होत होतं. अशा चित्राला तासन्‌तास लागतात. प्रत्येक पानावर संध्याकाळचं ऊन कसं पडेल, ते तो मोजत बसतो. मध्ये बंद केलं तर पहिल्यापासून.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"बंद नाही होत. चित्र निघून राहिलं."

"मंग निघू दे. पण पाहुण्यायसमोर नको निघू दे."

तिनं लॅपटॉप उचलून फ्रिजशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि त्यावर टीव्हीचं जुनं विणलेलं झाकण टाकलं. मी साडी नेसायला आत गेले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामा रेल्वेच्या पुलांच्या खात्यातून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले आणि तेव्हापासून बहिणीकडेच राहणारे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. जय भीम झालं, पाणी झालं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले आणि बसले. मुलाच्या आईनं माझं शिक्षण विचारलं, बाबांनी सांगितलं. मुलगा पोहे खात होता आणि काही विचारलं तर हिंदीत उत्तर देत होता. सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच होत होतं. फक्त झाकणाखाली लॅपटॉप तापला आणि त्याचा पंखा जोरात फिरायला लागला.

"आवाज कशाचा येऊन राहिला?" मुलाच्या आईनं विचारलं.

"फ्रिज जुना आहे," बाबा म्हणाले.

मामांनी मान वाकडी करून ऐकलं. "हा फ्रिज नाही. लहान पंखा आहे हा, आणि त्याले हवा भेटून नाही राहिली." ते उठले, स्टुलाजवळ गेले आणि झाकण उचललं.

स्क्रीनवर माझी तीन पानं होती, संध्याकाळच्या उन्हात, अर्धी स्पष्ट आणि अर्धी दाणेदार.

"हे काय आहे, मासा?" मुलाच्या आईनं विचारलं.

"छप्पर आहे," मी म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मामा वाकून पाहत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फार साधेपणानं विचारलं, "पाणी कुठं जाते?"

मला वाटलं, एका वाक्यात उत्तर देऊन विषय संपवावा. "मधात नाली आहे," मी म्हणाले.

"दाखव."

नाली नव्हती. नाली कुठे असणार? जाडी नव्हती तिथे नाली कुठून येणार? मी म्हटलं की ती अजून काढायची आहे. मामांनी जेवायच्या टेबलाची खुर्ची ओढून स्टुलासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. "हे पान इकडून येते. हे तिकडून. हे तिसरं मागून. तिघायचं पोट खाली. म्हणजे मधात झाला खड्डा."

"खड्डा नाही तो. वळण आहे."

"वळणात पाणी थांबलं का त्यालेच खड्डा म्हणतात. बरं, नाली केली तू. तिच्यात पानं साचतील."

"तिथं झाडंच नाहीत अजून," मी म्हणाले.

मुलगा पहिल्यांदा हसला. त्याला पोह्यांचा ठसका लागला, आणि त्याची आई त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागली. मामा हसले नाहीत. "आज नाहीत. लावतील ना पुढं. सरकारनं लावलं नाही तर वडपिंपळ आपणहून येतात. पुलावर काय कोणी लावले होते?"

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मीही खुर्ची ओढली, चित्र थांबवलं, म्हणजे सकाळपासूनचं काम वाया घालवलं, आणि मॉडेल उघडून मामांना सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायला लागले. त्यांनी माउस मागितला. छप्पर उलटं झालं. उलटं छप्पर पाहून ते म्हणाले की असं ठेवलं तर निदान टाकी तरी होईल. मी म्हणाले की मामा, तुम्हाला पत्र्याशिवाय छप्पर माहीतच नाही. ते म्हणाले की पत्र्याचं मले सगळं माहीत आहे, त्याचं पाणी कुठं जाते तेही माहीत आहे. चहा गार झाला. मुलाची आई आणि माझी आई समोरासमोर बसून हवेबद्दल बोलत होत्या. बाबांनी मुलाला आणखी पोहे वाढले.

पाहुणे गेल्यावर आईनं ट्रे उचलला. "मले एक सांग. ते पोट्टी पाहायले आले होते का छप्पर?"

"मामांनी विचारलं तर उत्तर नको देऊ?"

"उत्तर दे ना. भांडते काहून?"

बाबा म्हणाले, "भांडली नाही ते. चर्चा होती." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फ्रिज बंद आहे का ते बघायला गेले.

दोन दिवसांनी सकाळी बाबांच्या मोबाइलवर मामांचा फोन आला. नाव बघूनच आईनं तो बाबांच्या हातून घेतला, पदर नीट केला, जणू ते पाहणार होते, आणि म्हणाली, "बोला ना दादा." थोडा वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला. फोन माझ्याकडे देत म्हणाली, "घे. नालीबद्दल आहे."

मामांनी घरी कणकेची तीन पानं केली होती. परातीत ठेवली आणि तांब्यानं पाणी ओतलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी मधल्या खड्ड्यात साचलं, मग एका बाजूनं फुटलं आणि मुलाच्या आईच्या ओट्यावरून खाली गेलं. "तुझ्या हॉलचं असंच होईल," ते म्हणाले. मी म्हटलं, कणीक पाणी शोषते, काँक्रीट शोषत नाही. ते म्हणाले, "बरोबर. उद्या मेणाचं करतो."

तेवढ्यात अध्यक्षांची मीटिंग पुढच्या महिन्यावर गेली. मामांचे फोन चालू झाले. मेणाचं झालं, पुठ्ठ्याचं झालं. प्रत्येक प्रयोगानंतर त्यांचा निष्कर्ष एकच असायचा, की हे सगळं काढून सरळ उताराचा पत्रा टाकावा. आई प्रत्येक वेळी आशेनं फोन उचलायची. लग्नाचा शब्द निघत नव्हता. आईनं एकदा सरळ विचारलं, "दादा, बाकी काय म्हणतात तिकडं?" मामा म्हणाले, "बाकी सगळं ठीक. ते देठाची उंची किती ठेवली, तेवढं पोरीले विचारा."

मग एका दुपारी ऑफिसात मलाच फोन आला. मुलगा होता. त्याचा आवाज मी ओळखला नाही, कारण तो मी फारसा ऐकलाच नव्हता. "देखिए, बुरा मत मानिएगा," तो म्हणाला. "मामाजी ने घर में जीना मुश्किल कर दिया है. रोज़ परात भर के पानी. मम्मी आटा छुपा के रखती हैं. आप बस एक बार उनको बोल दीजिए कि पानी निकल जाएगा."

"पर निकल नहीं रहा," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मग हळू आवाजात त्यानं दुसरंही सांगितलं. भिलाईतच त्याच्यासोबत काम करणारी एक मुलगी होती, घरी अजून बोलला नव्हता, आणि त्या रविवारी तो फक्त आईचं मन राखायला आला होता. "मैं खुद बता दूँगा घर में. आपको पहले बताना ठीक लगा." मी त्याला म्हटलं की काही हरकत नाही, आणि मला खरोखरच काही वाटलं नाही. उलट एक काम कमी झालं. आईला मात्र ते त्यांच्याकडून कळेपर्यंत मी काही बोलले नाही.

पण पाण्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये ऊन आहे. रायपूर लिहा, महिना सांगा, वेळ सांगा, बरोबर तशी सावली पडते. पाऊस नाही. तिथे कधीच पाऊस पडत नाही, म्हणून तिथली सगळी छपरं कोरडी आणि सुंदर. मी इंटरनेटवर शोधत बसले. कोणीतरी शिकवलेली एक युक्ती सापडली: छपरावर सगळीकडे ठिपके पेरायचे आणि प्रत्येक ठिपक्याला सांगायचं, जिकडे उतार जास्त तिकडे थोडा सरक, मग पुन्हा थोडा सरक. ठिपका गेला त्या वाटेची निळी रेघ काढायची. ते जमवायला मला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा ठिपके उलटे चढून पानांच्या टोकावरून आकाशात गेले. शेवटी एका दुपारी ते खाली यायला लागले. तिन्ही पानांवरून निळ्या रेघा घरंगळत आल्या आणि सगळ्या एका ठिकाणी जमल्या. मी खालचा नकाशा चालू केला. ते ठिकाण बरोबर मंचावर होतं, अध्यक्षांच्या खुर्चीच्या जागी.

मी सरांना बोलावून दाखवलं. ते उभे राहून पाहत राहिले. खाली गादीवाला कापूस पिंजत होता. मग सरांचा हात हळूहळू वर आला. "तो यहाँ छत को खोल देते हैं," ते म्हणाले. "पानी को आने दो. नीचे जलकुंड."

"मंच पर, सर?"

"मंच के बीच. कवि बोल रहा है, पीछे पानी गिर रहा है."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या बैठकीत आम्ही हेच घेऊन गेलो. अध्यक्ष एका लांब टेबलाच्या टोकाला बसले होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना संस्थेचे सदस्य. मी पहिलं चित्र लावलं.

"ये क्या है?" अध्यक्ष म्हणाले. "पान?"

"पलाश के पत्ते हैं, सर," आमचे सर म्हणाले.

"पत्ता तो पत्ता है. लोग पान ही समझेंगे. शिक्षा संस्था का भवन है, कोई पान ठेला नहीं."

सरांनी दोना-पत्तलाची, म्हणजे पळसाच्या द्रोण-पत्रावळींची, गोष्ट सांगितली, लग्नातल्या पंगती, जंगल, माती. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. "पत्तल में तो खाकर फेंक देते हैं," ते म्हणाले. सरांचा हात हवेतच राहिला.

मी निळ्या रेघा चालू केल्या. खोलीतले सगळे पुढे झुकले. रेघा पानांवरून घरंगळल्या आणि मध्ये जमल्या. अध्यक्ष म्हणाले, "फिर से चलाओ." मी चालवल्या. एक सदस्य म्हणाले, "बाएँ वाला पत्ता दिखाओ." ते दाखवलं. छपराकडे कोणाचं लक्ष नव्हतं, पाण्यात सगळे रमले होते. मग अध्यक्षांनी विचारलं, "ये सब गिर कहाँ रहा है?"

"मंच पर," मी म्हणाले.

"जहाँ मैं बैठूँगा?"

"वहाँ जलकुंड बनेगा," सर म्हणाले.

"तो मैं कुंड में बैठूँगा?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनाही हसू येत नव्हतं. त्यांनी चित्र पुन्हा मागितलं, रस्त्याच्या बाजूचं. बराच वेळ पाहून त्यांनी मागच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "हमारा बोर्ड कहाँ लगेगा? इसके पीछे? रोड से कौन पढ़ेगा?" सर काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ये पत्ता हटा दो. दो बहुत हैं."

मराठीत आपण म्हणतो, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. नव्या रायपुरात ती दोन झाली, आणि कारण संस्थेच्या नावाची पाटी होती.

परत येताना सर गाडी चालवत होते. रुंद रस्ता, पुढे मागे कोणी नाही. मग त्यांनी एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि हवेत छोटं वळण घेतलं. "दो में भी बात है," ते म्हणाले. "दो में संवाद है." मी म्हटलं, सर, समोर गाय आहे.

ऑफिसात येऊन मी तिसरं पान पुसलं. फट गेली. दुमड गेली. जाडी दे म्हटलं, ती दिली, पहिल्याच वेळी. निळ्या रेघा दोन पानांच्या मधल्या घळीतून सरळ एका बाजूला गेल्या आणि इमारतीच्या बाहेर पडल्या. इतक्या दिवसांचं दुखणं एका बटणानं गेलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी जरा वेळ तशीच स्क्रीनकडे बघत बसले.

संध्याकाळी मामांना फोन केला. "मामा, तिसरं पान काढलं."

"काढलं?"

"हव. आता पाणी सरळ बाहेर जाते."

त्यांनी विचारलं, "खड्डा नाही?"

"नाही."

"चांगलं झालं," मामा म्हणाले. पण आवाजात काही नव्हतं. "मी लाकडाचं करायले घेतलं होतं. सुताराकडून तुकडे आणले होते." मग म्हणाले, "चाल, ठेवतो."

फोन ठेवल्यावर मला कळलं की या माणसाला कोणी वर्षभर काही विचारलेलं नव्हतं. जन्मभर पुलाखालून पाणी कसं जाईल ते पाहिलं, आणि आता दुपारी घरी बसून असतात. त्या रविवारी मुलगी पाहायला म्हणून आणलं, आणि अचानक समोर छप्पर आलं. दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा फोन केला. म्हटलं, मामा, हॉलच्या दारावर एक लहान वाकडी छत्री आहे, उंबऱ्यापासून पायऱ्यांपर्यंत. तिचं पाणी बघायचं आहे. ते म्हणाले, "नकाशा पाठवून दे." छत्री खरोखर होती, पण तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ते त्यांनाही लगेच कळलं असणार. तरी त्यांनी तिच्यात तीन चुका काढल्या. त्यातली एक बरोबर होती.

स्थळाकडून नकार रीतसर आला, आणि मग मुलाचं भिलाईतल्या त्या मुलीशी लग्न ठरल्याची पत्रिकाही आली. आई म्हणाली, मी नाही येत. मग पैठणी काढून सगळ्यांत आधी तीच तयार झाली. तिथे मामांनी मला हाताला धरून पाहुण्यांमधून फिरवलं आणि ओळख करून दिली, "ही आमची छपराची इंजिनिअर." मी आर्किटेक्ट आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, तेच ते. मुलाच्या आईनं मला गुलाबजाम वाढला आणि हसून कानात म्हणाली, "आता आमचा दादा परातीत पाणी नाही भरत. पाणी पाहायले टाकीवर चढते." आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी जेवण होईपर्यंत बोलत राहिल्या.

हॉल बांधायला खूप काळ गेला. ठेकेदारानं दोन्ही पानांची वळणं पाहून सांगितलं की एका दिशेनं वाकवतो, दोन दिशांनी वाकवायचं असेल तर दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस नव्हता. म्हणून जे उभं राहिलं ते पान कमी आणि वाळत घातलेली चटई जास्त. सरांनी ते पाहून हात खिशात घातले. पण दुरून दिसत होतं, आणि पाटीही दिसत होती.

उद्‌घाटनाच्या आधीच्या पावसाळ्यात संस्थेतून फोन आला की छत टपकतंय. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत गेले. दोन्ही पानांखाली जमीन कोरडी ठणठणीत होती. टपकत होतं ते मागच्या संडासावरचं सपाट छप्पर, जे मी एका मिनिटात चौकोन ओढून केलं होतं आणि पुन्हा कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. तरी बाजारात बातमी अशी पसरली की वाकड्या छपराचं शेवटी वाकडंच झालं. मामांना सांगितलं तर ते इतके हसले की फोनवरून त्यांचा खोकला ऐकू आला.

उद्‌घाटनाला सरांनी आम्हाला पास दिले. मी, आई, बाबा आणि दुर्गहून आलेले मामा, असे आम्ही मागच्या रांगेत बसलो. भाषणं झाली, अध्यक्षांचा सत्कार झाला. सरांना दोन मिनिटं बोलायला दिलं, त्यात त्यांनी संवाद हा शब्द बऱ्याच वेळा वापरला. बाहेर आलो तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या आणि बसचा पत्ता नव्हता. आम्ही रस्त्याकडेच्या एका कठड्यावर बसलो. आईनं पिशवीतून मुरमुऱ्याचा चिवडा काढला. बोलता बोलता बाबा आणि मामांच्या लक्षात आलं, की फार वर्षांपूर्वी गोंदियाला एकाच काळात दोघंही होते, बाबा मालधक्क्यावर आणि मामा पुलाच्या गँगवर, आणि दोघांनाही तिथला एक स्टेशन मास्तर माहीत होता, जो ड्यूटीवर घरची मांजर घेऊन यायचा. मांजर पिवळी होती का पांढरी, यावर त्यांचं जुंपलं. आई मला म्हणाली, "यायले बस आली तरी दिसणार नाही." बस खरंच आली, थांबली, आणि कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, तेव्हा कुठे दोघं उठले.